कुरूताची पिशवी

सुसामिर, २८ मे

आदरणीय कालिपा एजे यांस,

धाकटी बहीण बुरूल हिचा सलाम. आपली तब्येत कशी आहे, पाय सुजतात का, खिडकीतलं जिरेनियम फुललं का, हे सगळं आपण कळवावं.

हे मला जमायचं नाही. सत्तावन्न वर्षं थोरली बहीण म्हणून तुला ‘अगं एजे’ म्हटलं, आता ‘आपण’ म्हणायला गेले की जीभ अडखळते. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून कागद. तेमिरकुल, तो मिशाळ मिनीबसवाला, आठवड्यातून दोनदा खिंड ओलांडून तुमच्या कारा-बाल्ताला येतो. त्याला सांगितलंय, पत्र दारात टाकून पळायचं नाही, हातात द्यायचं.

मुद्द्याचं सांगते. माझ्या एर्मेकची मुलगी, आपली नात मीरिम, तेरा महिन्यांची झाली. चुलीची कड धरून उभी राहते आणि ओरडून सगळ्यांना बोलावते, बघा म्हणून. दहा जुलैला पहिल्या पावलांसाठी तिच्या पायांत दोर बांधून तो कापायचा ठरलाय. तो दोर तू कापायचास. एर्मेकचाही तूच कापला होतास, शर्यतीत सगळ्या बायकांना मागे टाकून पळत आलीस आणि कात्री पहिली तुझ्या हातात पडली. कापणाऱ्याची चाल पोराला लागते म्हणतात. एर्मेक बघ कसा चालतो, घोड्यावरून उतरला तरी घोड्यासारखा. या पोरीला पण तीच चाल हवी.

आता तू म्हणशील, खिंड. तुझं पोट आणि ती खिंड यांचं जमत नाही हे मला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी एर्मेकच्या लग्नात जे झालं ते त्या रस्त्यानेच केलं. चूक रस्त्याची होती, त्याचा राग माणसांवर किती वर्षं काढणार?

आणि उपाय माझ्याइतके कुणाला ठाऊक आहेत? माझा लोकरी नमद्याचा तंबू उतार संपतो तिथेच आहे. घोडीचं दूध प्यायला लोक नंतर थांबतात, आधी ओकायला थांबतात. अर्धा देश माझ्या दारात वाकून गेलाय, एजे. कोण कशाने बरं होतं हे मी चेहरा बघून सांगते. माझं स्वतःचं पोट लोखंडी, ही देवाची कृपा.

सोबत पिशवीत कुरूत आहे, आपल्या आंबट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या. मागच्या वर्षीचं, म्हणून दगडासारखं. चावायचं नाही. एक गोळी गालात धरायची आणि तिचं आंबट-खारट पाणी हळूहळू गिळत राहायचं. बोगदा येईपर्यंत एक, बोगद्यानंतर एक. पिशवी परत पाठव, आईच्या हातची आहे.

तुझी बुरूल

—

सुसामिर, ६ जून

एजे,

पिशवी मिळाली. आत साखरेचे चार खडे. मोजून चार!

मी मात्र हसले. तू माझ्यावर इतकी रागावलेली, पत्राला एक ओळ उत्तर नाही, पण पिशवी रिकामी पाठवायला तुझा हात धजला नाही. आई म्हणायची ना, शेजारणीचं भांडं रिकामं परत गेलं तर त्या घरात परत तोंड दाखवू नका. म्हणजे तोंड दाखवायची वाट तू उघडी ठेवलीस. तेमिरकुलला विचारलं, कशी दिसली? तो म्हणाला, “वहिनी, कशी दिसणार? हातात पट्टी होती. मला वाटलं मलाच मोजतेय.” अजून शिवतेस म्हणजे. बरं वाटलं.

या वेळी जर्दाळू पाठवते. गोड नाहीत, ते तुमच्या बाजारातले गोड काही कामाचे नाहीत, गोडाने मळमळ वाढते. हे आंबट, बियांसकट मिठात वाळवलेले. आणि ओव्याच्या वासाचा तो डोंगरी पाला, आपण लहानपणी मेंढ्यांमागे जाताना चोळून हुंगायचो तो. निघायच्या आधी त्याचा काढा घे, कोरा, साखर न घालता. उरलेला रुमालात बांधून नाकाशी धर, कारण तेमिरकुलच्या मिनीबसमध्ये पेट्रोल आणि कच्चा कांदा यांचा वास कायमचा राहायला आहे. सकाळी चरबीचं काही खाऊ नकोस. कडक भाजलेला पावाचा तुकडा पुरे. उपाशीपोटी तर मुळीच निघू नकोस.

उपाशीपोटी लिहिलं आणि हात थांबला.

त्या दिवशी तू उपाशी निघाली होतीस. कारण मीच फोनवर सांगितलं होतं, काही खाऊ नकोस म्हणजे ओकणार नाहीस. तेव्हा मला एवढीच अक्कल होती. आणि मागच्या पत्रात मी रस्त्याची चूक म्हटलं, ते अर्धंच खरं. रस्त्याने तुझं पोट बिघडवलं. पण “तू आली नसतीस तर बरं झालं असतं” हे रस्ता नाही बोलला. ते मी बोलले, चाळीस पाहुण्यांसमोर. तू चहाची वाटी खाली ठेवलीस, रुमाल नीट बांधलास आणि जी गाडी मिळाली तिने त्याच खिंडीतून परत गेलीस.

दहा जुलै लक्षात ठेव.

बुरूल

—

सुसामिर, १६ जून

एजे!

काळा दोरा! अख्खं रीळ!

पिशवीतून ते बाहेर पडलं आणि मी तंबूतून ओरडतच बाहेर आले. आमच्या ह्यांना वाटलं लांडगा आला, ते बंदूक घेऊन धावले. पायात बांधायचा दोर काळ्या-पांढऱ्याचा असतो हे तुला मी सांगायला नको. मग काळा का पाठवलास? आणि पांढरा कुठाय? का घरात दुसरं काही मिळालं नाही म्हणून हाताला लागलं ते टाकलंस? तेमिरकुलला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, “मी गाडीवाला आहे वहिनी, मुल्ला नाही. दोऱ्याचा अर्थ मला विचारू नका.” पण जाता जाता एक बोलला. तू त्याला विचारलंस म्हणे, पोरीचे डोळे कुणावर गेलेत. तुझ्यावर गेलेत, एजे. तसेच, समोरच्याला मोजणारे.

आता पुढचा उपाय. हसू नकोस. बेंबीवर चिकटपट्टी लावायची, जखमेवर लावतात ती साधी, आणि सदऱ्याच्या आत पोटावर वर्तमानपत्राची घडी. का चालतं मला ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात एक जाडा वकील उतरला, हिरवागार पडला होता, त्याला मीच लावून दिली. तासाभराने फोन करून सांगितलं, बरा आहे. मग म्हणाला, पट्टी काढताना मात्र जीव गेला. पट्टी सोबत आहे. वर्तमानपत्र तुझं तू घे.

गाडीत पुढे बस. फोनमध्ये, विणकामात डोकं घालू नकोस. लांबचं एक शिखर धर आणि त्याच्यावरची नजर हलवू नकोस. तेमिरकुलशी बोलू नकोस, तो बोलताना मान वळवतो आणि मान वळली की गाडी वळते.

एक गोष्ट सांगायची राहिलीय. लिहू की नको, तीन दिवस विचार केला. एर्मेक आणि जायनाला पाच वर्षं मूल झालं नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, नातं पक्कं करायला व्याह्यांनी भरवलेला मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा आणि काळजाचा घास त्या लग्नात टिकला नाही, बाहेर आला, मग मूल कसं राहील? मी त्यांना गप्प करायला हवं होतं. मी मान खाली घालून चुलीत लाकडं सारत बसले. आणि एजे, मनात मीही तेच म्हणायचे. पाच वर्षं मी तुझ्या नावाने बोटं मोडली. तुझ्या कानावर ते गेलं असणार, आपल्या लोकांची तोंडं खिंडीपेक्षा उंच उडतात.

मग मीरिम झाली. झाली ती चार किलोची आणि आरडाओरडा करत. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की दाईकडे बघवेना.

पांढरा दोरा पाठव. किंवा घेऊन ये.

बुरूल

—

सुसामिर, २५ जून

एजे,

कोटाची तीन बटणं. तीन बटणांचा काय अर्थ लावू? रात्रंदिवस डोकं खाजवतेय. आमचे हे म्हणाले, “तिने कपाटाचा खण रिकामा करायला काढलाय, दुसरं काय.” दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

दहा तारीख पंधरा दिवसांवर आलीय. माझे उपाय संपले. लिंबू हुंगायचं आहे, चिनी शेजारणीचं आलं चघळायचं आहे, पण ते तुला बाजारातच मिळेल. तेव्हा आज पिशवीत नवीन कुरूत घालते, या उन्हाळ्याचं, अजून मऊ आहे, आणि बाकी जे खरं आहे ते या कागदावर.

त्या दिवशी तू गाडीतून उतरलीस ती पांढरीफटक. ओठ निळे. तुला थेट मानाच्या जागेवर बसवलं, दारासमोर, व्याह्यांच्या शेजारी. ओरोझबाय, जायनाचे वडील, ताटातून चरबीचा आणि काळजाचा घास उचलून तुझ्याकडे वळले. तू माझी बाही ओढलीस आणि कानात म्हणालीस, “बुरूल, थोडा वेळ थांबव. बाहेर जाऊन वारा खाऊन येते. आत्ता नको.” हे कुणी ऐकलं नाही. तुला आणि मलाच ठाऊक आहे. आणि मी हसऱ्या तोंडाने, दातांतल्या दातांत म्हटलं, “लोक बघतायत. गीळ.”

तू गिळलंस, माझ्यासाठी. मग ते सगळं ओरोझबायच्या मांडीवर आलं.

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीने माझी नाचक्की केली. बाहीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. ह्यांनाही नाही.

आणखी एक. माझं पोट लोखंडी नाही. घोड्यावर मी म्हणशील तिथे जाईन, पण गाडीत बसले की दुसऱ्या वळणाला संपते. मागच्या शरदात तुझ्याकडे यायला निघाले होते. दुखावलेल्या मोठ्या माणसाच्या दारात स्वतः जायचं असतं, निरोप पाठवून भागत नाही, हे मला न कळण्याइतकी मी लहान नाही. बोगद्याच्या तोंडापर्यंत पोचले. तिथे उतरले, रस्त्याकडेला बसले आणि एका ट्रकवाल्याला हात करून घरी परत आले. इतरांना कुरूत विकणारी बाई! म्हणून तुला बोलावत बसले. तू ये, तू ये. माझं पोट वाचावं म्हणून तुझं पणाला लावत होते.

झालं. आता तू ठरव.

तुझी धाकटी

—

सुसामिर, ३ जुलै

पिशवी आली. रिकामी.

मी ती उलटी केली, झटकली, आतली शिवण बोटाने चाचपली. साखरेचा कण नाही. तेमिरकुलला म्हटलं, तू काही काढून घेतलंस का? त्याला राग आला. “वहिनी, माझ्या हातात दिली तेव्हाच अशी होती. घडी घालून.” काय म्हणाली? “काही नाही म्हणाली. चहा दिला. दोन वाट्या.”

घडी घालून. म्हणजे विसरून नाही.

आईच्या हातची पिशवी तू कुणा परक्या बाईला नाही, मला, सख्ख्या बहिणीला रिकामी पाठवलीस. तंबूत बसून मी खूप रडले. जायना पोरीला घेऊन आली, मीरिमने माझे गाल चाटले आणि खारट लागले म्हणून तोंड वाकडं केलं. मग मला हसू आलं आणि मग रागही आला. सगळं खरं लिहून दिल्यावर रिकामी पिशवी? तोंडावर सांग ना काय सांगायचं ते!

तर मी येते तोंडावर ऐकायला. हे पत्र तेमिरकुलकडे देणार नाही. उद्या सकाळी त्याच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून मीच घेऊन येते, पिशवीसकट. बेंबीला पट्टी लावून झाली आहे.

बुरूल

—

सुसामिर, २० जुलै

लाडके एजे,

तू परत गेल्यापासून फोनवर सगळ्यांना काय सांगत सुटली आहेस ते माझ्या कानावर आलंय. म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते. माझं पत्र जपून ठेव, तुझ्या गोष्टीला उपयोगी पडेल.

गाडीत मी सगळं केलं होतं. गालात कुरूत, नाकाशी पाला, पोटावर वर्तमानपत्र, भाजलेला पाव. लांबचं शिखर धरलं आणि सोडलं नाही. अर्ध्या चढापर्यंत अशी ताठ बसले होते की तेमिरकुल म्हणाला, “वहिनी, श्वास तरी घ्या.” गेल्या वेळी बोगद्याच्या तोंडाशीच उतरले होते, या वेळी आत शिरले, हे तू मान्य करायलाच हवं. उपायांत खोट नाही. पण तुला म्हटलं होतं शिखरावर नजर ठेव, आणि हा विचार मी कधी केलाच नव्हता की बोगद्यात शिखर कुठून आणायचं? आत अंधार, धूर, पुढे एक मेंढ्यांचा ट्रक. त्यातली एक मेंढी माझ्याकडे बघत होती. गाडी थांबवता येत नाही, खिडकी उघडता येत नाही. हातात तुझ्या तोंडावर फेकायला घेतलेली रिकामी पिशवी होती.

पुढे काय झालं ते सांगायला नको. एवढंच म्हणते, उतारावर मला लहान पोरासारखी झोप लागली.

मी तुझ्या दारात उभी राहिले. रुमाल एका कानावर, सदऱ्यातून वर्तमानपत्र बाहेर आलेलं, आणि पिशवी दोन बोटांत अंगापासून लांब धरलेली. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तू दार उघडलंस. मला बघितलंस, पिशवी बघितलीस, वास आला. आणि म्हणालीस,

“रिकामी परत करायची नाही म्हणून भरून आणलीस होय?”

तू लोकांना सांगतेस की मी रडले. आधी तू हसायला लागलीस. दाराच्या चौकटीला धरून खाली बसलीस, मग मी बसले, आणि शेजारीण धावत आली की या दोन म्हाताऱ्यांना काय झालं. रडले ते नंतर. आणि एकटी नाही रडले.

मग तू मला आत नेलंस, तोंड धुवायला लावलंस, आणि मी तुझे हात धरून पाठ केलेलं बोलायला लागले तर म्हणालीस, “पुरे. सगळं लिहिलंयस. बाहीचं लिहिलंस तेव्हाच संपलं. सहा वर्षं मी तेवढ्यासाठीच थांबले होते, तुला ते आठवतंय का एवढंच कळायला.”

“मग पिशवी रिकामी का पाठवलीस?” मी ओरडलेच.

“तू इतकी वर्षं लोकांचे चेहरे वाचतेस आणि एवढं कळलं नाही तुला? दर वेळी काहीतरी टाकून पाठवत होते कारण माझं यायचं ठरलं नव्हतं. या वेळी पिशवीत काय टाकणार? मीच येणार होते!”

आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर तुझी बांधलेली ट्रंक होती. तिच्यावर मीरिमसाठी छोटा कोट, त्याला तीन बटणं, पाठवली होतीस तसलीच. आणि कोटाच्या खिशात दोर, काळा-पांढरा, तुझ्या हाताने वळलेला, पक्का. काळ्याचं एक रीळ माझ्याकडे, दुसरं आणि पांढरं तुझ्याकडे. मला आधीच कळायला हवं होतं. ह्यांना अजून सांगितलं नाही की कपाटाचा खण नव्हता तो.

मग तुझी शेजारीण म्हणाली की महिनाभर तू रोज संध्याकाळी तिच्या मुलाच्या गाडीत बसून बाजाराला पाच फेऱ्या मारत होतीस, गालात कुरूत धरून, सराव म्हणून. तो बिचारा म्हणे आता वळण दिसलं की आपोआप गाडी हळू करतो. तेमिरकुलला हे सगळं ठाऊक होतं. दोन वाट्या चहावर त्याने तोंड शिवून घेतलं. मी त्याला घोडीचं दूध महिनाभर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, ते तीन दिवस टिकलं.

परत येतानाचं तू बरोबर सांगतेस, तिथे मी काही खोडत नाही. मागच्या सीटवर आपण दोघी, मध्ये एक घमेलं, आणि ते कुणाला लागलंच नाही. तू बोगद्यात माझा हात धरलास आणि म्हणालीस, शिखर नाही तर माझ्याकडे बघ. मी पूर्ण बोगदाभर तुझ्या नाकाकडे बघत होते. हा उपाय मी आता गिऱ्हाइकांनाही सांगते. बरोबर आपलं माणूस घ्या आणि त्याच्या नाकाकडे बघा. अजून तरी कुणाची तक्रार आलेली नाही.

आणि दहा तारखेचं? ते तू सगळ्यांना सांगितलंस, तरी मला लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. ओरोझबायनी ताट पुढे घेतलं. घास उचलायच्या आधी त्यांनी शांतपणे आपल्या मांडीवर एक टॉवेल पसरला. मग त्याच्यावर दुसरा. सगळ्या तंबूने ते बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस. या वेळी मी म्हटलं, “एजे, हवं तर बाहेर जाऊन वारा खाऊन ये. लोक थांबतील.” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. आणि तू म्हणालीस, “कशाला? भूक लागलीय मला.” आणि खाल्लंस, आणखी मागितलंस, आणि ओरोझबाय टॉवेलने डोळे पुसायला लागले. दोन्ही टॉवेल शेवटी डोळ्यांनाच लागले.

शर्यतीत तू पहिली आली नाहीस हे मी मान्य करते. तू पळाली नाहीस, मी तुझ्या पुढे गेलेल्या बायकांना हाताने मागे ओढलं. पण कात्री तुझ्याच हातात पडली ना? दोर कापल्याबरोबर मीरिम चार पावलं चालली, पाचव्याला बसली आणि सगळ्यांना मोजून बघू लागली. काल ती तेमिरकुलच्या गाडीत चढून पुढच्या सीटवर बसली आणि उतरेना. खिंडीपर्यंत नेऊन आणली. हुं की चूं नाही, एजे. वळणावर टाळ्या वाजवत होती.

आता तेमिरकुल भोंगा वाजवतोय, आवरते. सोबत आईची पिशवी आहे, चार वेळा धुतलीय, ओव्याचा पाला घालून उकळली पण आहे. उघडून बघशील तेव्हा कळेलच, आत काहीही घातलेलं नाही.

चहाचं पाणी ठेव.

बुरूल